थोराड देह आणि पहिली मोटारसायकल

माणसाच्या देहाचे माप घेण्याचा अधिकार शिंप्याला आणि डॉक्टरला असतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो अधिकार साऱ्या गावाने आपल्याकडे घेतलेला असतो. सहा फुटांवर उंची आणि शंभर किलोंवर वजन असलेला एखादा शिक्षक किंवा कारकून तिशी-पस्तिशीत पहिल्यांदाच मोटारसायकल घेण्याचे मनात आणतो, तेव्हा या अधिकाराचा प्रत्यय त्याला पावलोपावली येतो. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणतो, "सर, तुमच्याखाली शंभर सी.सी.ची गाडी दिसायचीसुद्धा नाही." घरी सासरे सुचवतात, "जावईबापू, या देहाला बुलेटच शोभेल." दुकानातला विक्रेता या दोघांचीही री ओढतो, कारण महाग गाडी विकण्यात त्याचे हित असते. चेष्टा, कौतुक आणि व्यापार अशा तीन निरनिराळ्या वाटांनी निघालेला सल्ला शेवटी एकाच मुक्कामी येऊन पोहोचतो : मोठ्या माणसाने मोठेच वाहन घ्यावे.

हा सल्ला इतका सहज पटणारा आहे की, तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. देह थोराड आहे ही एक गोष्ट. स्वार नवशिका आहे ही दुसरी. पहिली गोष्ट चारचौघांना दिसते, दुसरी दिसत नाही. साहजिकच सारी चर्चा पहिलीभोवती फिरते आणि दुसरीचा विसर पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे अपघातांत मरण पावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ज्या वाहनाचा हिशेब इतका कठोर आहे, त्याची निवड शोभेच्या निकषावर व्हावी, हे बरे नव्हे.

टंचाईचा वारसा

दुचाकी निवडावी लागते, हा अनुभवच मुळी आपल्या समाजाला नवा आहे. परवान्यांच्या आणि कोट्यांच्या काळात गिऱ्हाईक गाडी निवडत नसे. गाडी गिऱ्हाइकाच्या नशिबी येत असे. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ती मिळाली की पती, पत्नी आणि दोन मुले असा चौघांचा संसार तिच्यावर बसे. त्याच वर्षी अहमदनगरच्या कारखान्यातून निघू लागलेली किनेटिकची लूना अवघ्या ५० सी.सी.ची होती, परंतु भाजीच्या पाट्यांपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत तिने काय वाहिले नाही? राजदूतच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लावून पहाटे गावोगाव हिंडणारा गवळी तर ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीचाच आहे. दुधाने भरलेल्या किटल्या आणि त्यांवर तो स्वतः, हे ओझे आजच्या कोणत्याही थोराड शिक्षकाच्या वजनाहून कमी भरले नसते. त्या पावणेदोनशे सी.सी.च्या गाडीने ते निमूटपणे ओढले.

बुलेटची प्रतिष्ठा याच काळात घडली. १९५५ साली मद्रासला तिची जुळणी होऊ लागली, ती लष्कराच्या आणि पोलिसांच्या गरजेतून. त्यामुळे तिच्या आवाजाबरोबर फौजदाराची आठवण आली, पुढे बागायतदाराची आली आणि अधिकार म्हणजे वजन हे समीकरण रूढ झाले. उलट १९७३ च्या 'बॉबी' या चित्रपटात नायकाने जी चिमुकली राजदूत चालवली, ती तरुणांच्या लाडाची झाली खरी. पण प्रौढांच्या दृष्टीने ती खेळणेच राहिली. मोठी गाडी म्हणजे पत आणि लहान गाडी म्हणजे पोरखेळ, ही विभागणी अशी यंत्रशास्त्रातून नव्हे, तर समाजाच्या मनातून आलेली आहे.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली आणि काटकसरी इंजिनाचे युग सुरू झाले. तिच्या इंजिनाचे आकारमान ९७.२ सी.सी. होते. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचे आकारमानही तेवढेच आणि आज चार दशकांनंतरही त्याच आकारमानाचे इंजिन लाखो लोकांना कचेरीत आणि शेतावर नेत आहे. आज प्रतीक्षायादी नाही, रोखीची अटही नाही. आहे ती पर्यायांची गर्दी. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ३४९ सी.सी.ची बुलेटही त्या सवलतीत बसली. मोह वाढला. म्हणून विचारही वाढायला हवा.

इंजिनाचा हिशेब

"लहान इंजिन एवढे वजन ओढणार नाही" हा थोराड माणसाला घातला जाणारा पहिला धाक. तो आकड्यांवर घासून पाहावा. स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो आणि तिच्या इंजिनाची कमाल शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती. तिच्यावर ६५ किलोंचा मनुष्य बसला तर एकूण भार १७७ किलो होतो. ११५ किलोंचा बसला तर २२७. फरक ५० किलोंचा. सपाट रस्त्यावर तासाला ५० ते ६० किलोमीटरच्या वेगाने जाताना इंजिनाची शक्ती मुख्यतः खर्ची पडते ती वाऱ्याला बाजूला सारण्यात; वजनाचा वाटा त्यामानाने थोडा. रुंद छातीला वारा अधिक अडतो हे खरे. पण त्यामुळे फार तर गाडीचा कमाल वेग काहीसा घटेल आणि पेट्रोल थोडे जास्त लागेल. नवशिक्याच्या गाडीचा कमाल वेग घटला, तर त्यात रडण्यासारखे काय आहे?

वजन खरोखर भोवते ते चढावर. बारा फुटांना एक फूट चढणारा घाट धरला आणि त्यावर तासाला ४० किलोमीटरचा वेग धरला, तर जास्तीचे ५० किलो वर नेण्यासाठी लागणारी शक्ती अर्ध्या अश्वशक्तीहून थोडी अधिक भरते. गाडी, स्वार, वारा आणि चाकांचे घर्षण हे सारे जमेस धरले तरी त्या चढावर ती थोराड स्वाराची गरज चार अश्वशक्तींच्या आसपासच राहते. म्हणजे शंभर सी.सी.ची गाडी घाट चढेल. वरच्या गिअरमध्ये धापा न टाकता तिसऱ्या गिअरमध्ये चढेल आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवील, एवढेच. वेळेवर गिअर उतरवणे ही नवशिक्याने शिकायचीच विद्या आहे. लहान इंजिन ती शिकवते. मोठे इंजिन तिच्यावाचून चालवून घेते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या देशातील लहान मोटारसायकली मुळात दोन माणसांसाठी आखलेल्या असतात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत भारवहनाची मर्यादा दिलेली असते. अनेक लहान गाड्यांच्या बाबतीत ती १३० किलोंच्या आसपास असते. ११५ किलोंचा एकटा स्वार या मर्यादेच्या आत आहे. पासष्ट-पासष्ट किलोंचे दोघे मित्र जेव्हा त्याच गाडीवरून जातात, तेव्हा कोणी हसत नाही. तेवढेच वजन एकाच देहात एकवटले की मात्र गाडीची दया येऊ लागते. यंत्राला या दोहोंत फारसा भेद कळत नाही. भेद करतो तो समाज.

गुडघा, टाकी आणि हँडल

मग थोराड माणसाने काहीच पाहू नये काय? पाहावे, आणि बारकाईने पाहावे. पण इंजिनाकडे नव्हे. अडचण असते ती मापाची. उंच माणसाला लहान गाडीवर बसवले की आसन आणि पाय ठेवण्याचा दांडा यांतील अंतर अपुरे पडते, गुडघे वर येतात आणि अर्ध्या तासात मांड्यांना रग लागते. आसनाच्या उंचीचा आकडा विक्रेता अभिमानाने सांगतो. परंतु उंच स्वाराच्या दृष्टीने आसनापासून पायाच्या दांड्यापर्यंतचे अंतर अधिक मोलाचे असते आणि तो आकडा सहसा कुठे छापलेला नसतो. तो बसूनच कळतो.

म्हणून गाडी पाहायला जाताना रोज पायात असणारे बूट घालून जावे. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करून तिच्यावर किमान दहा मिनिटे बसावे. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून ते गुडघ्याला वा पोटाला लागते काय हे पाहावे. कारण अरुंद गल्लीत गाडी वळवताना हँडल गुडघ्याला अडले की नवशिका हमखास आडवा होतो. मोठे पाऊल गिअरच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीमध्ये अडकते काय, मागच्या ब्रेकवर पाय न ओढता जातो काय, पोट टाकीला लागून खांदे मागे रेलावे लागतात काय, आरसा स्वतःचे दंडच दाखवतो की मागचा रस्ता, हे सारे तिथेच तपासावे. सलग लांब आसनावर थोराड स्वाराला मागे सरकून बसता येते. तरुणांसाठी बनवलेल्या पायरीच्या आसनावर तो पुढच्या खोबणीत जखडला जातो. या एका कारणामुळे साधी, स्वस्त, 'म्हाताऱ्यांची' म्हणून हिणवलेली गाडी थोराड माणसाला अनेकदा दिमाखदार गाडीपेक्षा सोयीची ठरते.

ही तपासणी करताना दुकानात चार डोळे रोखलेले असतात आणि नेमका तोच क्षण थोराड माणसाला नकोसा वाटतो. शाळकरी वयापासून सायकलच्या दुकानात, बसच्या बाकावर, कपड्यांच्या दुकानात त्याने हे डोळे सोसलेले असतात. महाविद्यालयात मित्रांनी गाडी शिकायला दिली नाही, ती "शॉक बसतील" या थट्टेखाली. चाळिशी जवळ आली तरी त्याला दुचाकी येत नाही, याचे कारण पुष्कळदा त्याच्या अंगात नसते. ते त्या थट्टेत असते. आणि आज ज्या शाळेवर त्याची बदली झाली आहे तिथे एस.टी. दिवसातून दोनदाच जाते. दुकानातील संकोचापायी तो दोन मिनिटांत उठला आणि दुसऱ्याने सुचवलेली गाडी घेऊन आला, तर पुढची दहा वर्षे त्याच्या कंबरेला त्या दोन मिनिटांची किंमत मोजावी लागेल.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा संकोच दुहेरी होतो. उंच, भक्कम बांध्याच्या स्त्रीला मोटारसायकल दाखवण्याचेच कोणाच्या मनात येत नाही. तिला स्कूटरकडे नेले जाते. स्कूटर वाईट नव्हे. परंतु अनेक स्कूटरींची चाके दहा-बारा इंचांची असतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलचे सतरा-अठरा इंचांचे चाक अधिक शांतपणे चालते. वाडीवस्तीवर जाणाऱ्या शिक्षिकेला वा आरोग्यसेविकेला हा फरक रोज जाणवणारा आहे. निवड तिची असावी. ती तिच्या वतीने आधीच झालेली नसावी.

स्प्रिंग, हवा आणि ब्रेक

थोराड स्वाराच्या गाडीत जे खरोखर बदलावे लागते ते बहुधा फुकट किंवा थोडक्यात होणारे असते. मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरच्या तळाशी खाचांची कडी असते. ती फिरवून स्प्रिंग आधीपासूनच दाबून ठेवता येते. कारखान्यातून गाडी बाहेर पडते ती सरासरी वजनाच्या माणसाचा विचार करून. स्वार बसल्यावर मागचा भाग त्याच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खचला तर ठीक. त्याहून फार खचला तर कडी एक-दोन खाचा पुढे न्यावी. तसे न केल्यास खड्ड्यात स्प्रिंग तळाला आदळते, दणका थेट मणक्याला बसतो आणि पुढचे चाक हलके होऊन वळणावर भरकटते. हे काम गॅरेजवाला पाच मिनिटांत करतो. पण ते करायला सांगावे लागते.

तीच गोष्ट टायरमधील हवेची. मागच्या चाकासाठी पुस्तिकेत सहसा दोन आकडे दिलेले असतात : एकट्याने जाण्याचा आणि मागे कोणी बसल्यावर ठेवायचा. शंभरावर वजन असलेल्या स्वाराने मागच्या चाकात दुसरा आकडा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा थंड टायरवर तो तपासावा. टायरच्या कडेला भारवहनाचा सांकेतिक आकडाही कोरलेला असतो. तो ४७ असेल तर त्या टायरची मर्यादा १७५ किलो, ५४ असेल तर २१२ किलो. झिजलेला टायर बदलताना दुकानदार त्याच मापाचा, पण कमी क्षमतेचा स्वस्त टायर गळ्यात मारीत नाही ना, हे या दोन अक्षरी आकड्यावरून कळते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र वजनाकडे दुर्लक्ष करून भागत नाही. धावत्या वाहनातील ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वरच्याच हिशेबातील ११५ किलोंचा स्वार तासाला ५० किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेकला जेवढे काम देतो, जवळजवळ तेवढेच काम ६५ किलोंचा स्वार ५७ च्या वेगाने जाताना देतो. अर्थ स्पष्ट आहे. थोराड स्वाराने पुढच्या वाहनापासून अंतर थोडे अधिक ठेवावे, लांब उतारावर इंजिनाच्या धरेचा उपयोग करावा आणि ब्रेकच्या पट्ट्या लवकर झिजणार हे गृहीत धरावे. पुढच्या चाकाला ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असलेली गाडी परवडत असेल तर तिच्यावर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत. २०१९ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमाने १२५ सी.सी.वरील नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा पुरेशी मानली गेली. घाबरून ब्रेक आवळणे हा नवशिक्याचा स्वभावधर्म आहे. म्हणून शंभरऐवजी दीडशे सी.सी.ची गाडी घेण्याचे समर्थन करायचे असेल, तर ते "वजन ओढवत नाही" या कारणाने न करता "ब्रेक अधिक सुरक्षित आहे" या कारणाने करावे. ते खरे कारण आहे.

यंत्राचे वजन आणि नवशिका

आता दुसऱ्या, न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळले पाहिजे. बुलेटचे वजन सुमारे १९५ किलो. स्प्लेंडरहून ते ८० किलोंनी अधिक. धावताना हे वजन जाणवत नाही, उलट स्थैर्य वाटते. आणि विक्रेत्याची चाचणी-फेरी धावण्याचीच असते. परंतु नवशिका पडतो तो धावताना फार कमी वेळा. तो पडतो उभ्या उभ्या : रेताड कडेला पाय टेकताना, उतारावर गाडी लावताना, सिग्नलला क्लच लवकर सुटल्यामुळे, फाटकातून गाडी मागे घेताना. त्या क्षणी कलणाऱ्या यंत्राचा सारा भार एका पायावर आणि दोन मनगटांवर येतो. धिप्पाड देह म्हणजे बळकट देह हा समज तिथे उघडा पडतो. शंभरावर वजन असलेल्या अनेकांचे गुडघे आणि कंबर आधीच स्वतःच्या भाराने थकलेली असतात. कलती ११२ किलोंची गाडी सावरता येते. न सावरली तर सोडून देऊन नंतर उचलता येते. १९५ किलोंची गाडी सावरण्याच्या हट्टात स्नायू दुखावतो, आणि ती पायावर पडली तर तिचे लोखंड स्वाराच्या प्रतिष्ठेची फिकीर करत नाही.

लहान गाडीवर थोराड स्वार बसला की तो यंत्राहूनही जड असतो. याचा एक तोटा आहे : त्याने अंग हलवले की गाडी हलते. पण याचा फायदाही तोच आहे. गाडी त्याचे ऐकते. आपल्या शरीराचा कल, नजर आणि खांदे यांनी वाहन कसे वळते, हे हलक्या गाडीवर आठ दिवसांत उमगते. जड गाडीवर महिने जातात, कारण तिथे चूक यंत्राच्या वजनात दडून राहते आणि मोठ्या वेगातच प्रकट होते.

युरोपातील देशांनी हे शहाणपण कायद्यात बांधले आहे. तिथे कोवळ्या वयाच्या नवशिक्याला प्रथम १२५ सी.सी. आणि ११ किलोवॉटपर्यंतच्या गाडीचा परवाना मिळतो, मग ३५ किलोवॉटपर्यंतचा, आणि त्यानंतर हवी ती गाडी. जपानमध्येही ४०० सी.सी.च्या वरच्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली गिअर असलेल्या मोटारसायकलीचा परवाना एकदा मिळाला की, शंभर सी.सी. आणि साडेसहाशे सी.सी. यांत कायदा भेद करत नाही. जी पायरी कायद्याने घातलेली नाही ती घरच्या शहाणपणाने घालावी लागते. पहिली गाडी लहान, शक्य तर जुनी, चार ओरखडे सोसणारी घ्यावी. वर्ष-दोन वर्षांनी हवी तर मोठी घ्यावी. चांगली राखलेली लहान गाडी विकताना फार घाटा येत नाही, आणि आला तरी ती शिकवणीची फी समजावी.

मर्यादा कुठे येते

लहान गाडीची बाजू घेताना तिची मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ११५ किलोंच्या स्वारामागे ६० किलोंची पत्नी बसली आणि हाताला बाजाराची पिशवी लागली की भार पावणेदोनशे किलोंच्या पुढे जातो आणि १३० किलोंची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. गाडी तरीही चालेल. चालते म्हणूनच धोका आहे. टायर तापेल, ब्रेक लांबेल, स्प्रिंग बसेल. ज्याला रोजच कोणाला तरी मागे घेऊन जायचे आहे, त्याने एकट्याच्या हिशेबाने गाडी घेऊ नये. मात्र इथेही इंजिनाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. इंजिन मोठे झाले म्हणून भारवहनाची मर्यादा त्याच प्रमाणात वाढते असे नाही, दीडशे सी.सी.च्या काही गाड्यांची मर्यादा शंभर सी.सी.च्या गाडीइतकीच असते. पुस्तिका मागून घ्यावी आणि आकडा वाचावा. विक्रेता पुस्तिका गाडी घेतल्यावरच देतो म्हणू लागला तर दुसरे दुकान पाहावे. आणि शिकाऊ काळात कोणालाही मागे बसवू नये, हे वजन कितीही असले तरी खरेच आहे.

तसेच शिरस्त्राणाचे. थोराड माणसाचे डोकेही पुष्कळदा मोठे असते. ६१-६२ सेंटिमीटर घेराचे हेल्मेट लहान गावात सहज मिळत नाही, म्हणून तो घट्ट बसणारे घेतो, मग ते हँडलला अडकवून ठेवतो. जून २०२१ पासून भारतीय मानकाचे चिन्ह नसलेल्या दुचाकीच्या हेल्मेटची विक्री बेकायदा ठरली. पण चिन्ह असूनही डोक्यात न बसणारे हेल्मेट निरुपयोगीच. कपाळाच्या वरून फीत फिरवून घेर मोजावा आणि योग्य मापाचे मिळेपर्यंत गाडीची किल्ली हाती घेऊ नये. गाडीसाठी सहा महिने पैसे साठवणाऱ्याला हेल्मेटसाठी सहा दिवस थांबणे अवघड नाही.

कारखानदारांचेही या बाबतीत काही कर्तव्य आहे. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हे मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांनी ती किती किलो वाहते हेही तेवढ्याच अक्षरांत छापावे. आसन आणि पायाचा दांडा यांतील अंतर जाहीर करावे. पायाचे दांडे दोन इंच खाली आणि हँडल एक इंच वर नेणारे अधिकृत सुटे भाग रास्त किमतीत द्यावेत. धान्याच्या पोत्यावर वजन छापलेले असते. माणूस वाहणाऱ्या यंत्रावर ते शोधावे लागते, हा उलटा न्याय आहे.

होंडाच्या सुपर कब या चिमुकल्या गाडीचे उत्पादन १९५८ साली सुरू झाले आणि २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटी प्रती निघाल्या. जगातील दुसऱ्या कोणत्याही मोटारवाहनाला ही संख्या गाठता आलेली नाही. तिच्यावर सडपातळ बसले, स्थूल बसले, एकटे बसले, कुटुंबासह बसले. वाहन माणसाची उंची वाढवण्यासाठी नसते; त्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धडधाकट पोहोचवण्यासाठी असते. शाळेच्या फाटकातून लहान गाडीवर आत येणाऱ्या थोराड गुरुजींना पाहून मुले पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशीही हसतील. आठवडा सरला की त्यांच्या लक्षात येईल ते एवढेच की, गुरुजी आता वेळेवर येतात आणि पावसाळ्यातही शाळा बुडत नाही.